तुमचा पॅच, मालकी कुणाची? ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान पाठवण्याआधी

पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे "माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या" अशी विनंती, पाठवली की बऱ्याचदा पहिलं उत्तर माणसाकडून येत नाही. एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, येऊन सांगतो की तुम्ही सीएलएवर (योगदानकर्त्याच्या परवाना करारावर) सही केलेली नाही, खालच्या दुव्यावर जा. पॅच, म्हणजे आपण केलेला कोडमधला बदल, घेतला जाणार या आनंदात आपण दुव्यावर जातो, नाव आणि ईमेल भरतो, हिरवी खूण उमटते. काय लिहून दिलं ते त्या घाईत वाचलं जात नाही. माझ्या पहिल्या सहीच्या वेळी मीही वाचलं नव्हतं, आणि पुढे नोकरीच्या जागी त्यावरून प्रश्न निघाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून हा लेख. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन कसं वापरायचं ते यात नाही. पाठवलेला कोड कायद्याच्या नजरेत कुणाचा, तो पाठवायचा अधिकार तुम्हाला आहे का, आणि सही करताना हातातून काय जातं, एवढंच पायरीपायरीने सांगते. मोठा पैसा किंवा नोकरीच अडकली असेल तर आपल्या देशातल्या वकिलाला विचारा. बाकी बहुतेकांना पुढचं पुरेल.

पायरी १ : मालकी आणि परवाना वेगवेगळे धरा

"ओपन सोर्स म्हणजे कुणाच्याच मालकीचं नाही" हा समज सगळ्यात आधी सोडा. ओपन सोर्सचा डोलारा कॉपीराइटवरच उभा आहे. कोडला मालक असतो म्हणूनच तो मालक "या अटींवर खुशाल वापरा" असं म्हणू शकतो. २००८ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने जेकबसन विरुद्ध कात्झर या खटल्यात हेच मान्य केलं. मॉडेल रेल्वेसाठीचं एक मोफत सॉफ्टवेअर होतं, त्याच्या परवान्यातल्या अटी दुसऱ्याने पाळल्या नव्हत्या. न्यायालय म्हणालं, अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचाच भंग ठरू शकतो.

कॉपीराइट मिळवण्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. १८८६ च्या बर्न कराराच्या छत्राखालच्या देशांत, म्हणजे जवळजवळ सगळ्या जगात, तुम्ही कोड लिहून फाइल साठवली की तो आपोआप लागू होतो. अमेरिका या करारात १९८९ साली आली. कॉपीराइटची खूण आणि साल लिहिलं नाही म्हणून हक्क जात नाही. तो कल्पनेवर मिळत नाही, मांडणीवर मिळतो. एखाद्या अल्गोरिदमची युक्ती कुणीही वापरावी, पण तुम्ही ती ज्या ओळींत उतरवलीत त्या ओळी तुमच्या.

आता परवाना. एमआयटी, अपाची, जीपीएल हे सगळे परवाने आहेत, म्हणजे मालकाने बाकीच्यांना दिलेली परवानगी. पहिले दोन सैल आहेत; जीपीएलची अट अशी की त्यावर बेतलेला कोड पुढे दिलात तर तोही त्याच अटींवर खुला ठेवायचा. परवानगी दिल्याने मालकी जात नाही. याचा व्यवहारात उपयोग असा. समजा तुम्ही तारखा वाचणारं दोनशे ओळींचं एक फंक्शन शून्यापासून लिहिलंत आणि जीपीएलखालच्या प्रकल्पाला दिलंत. तेच फंक्शन उद्या एमआयटीखालच्या दुसऱ्या प्रकल्पालाही देता येतं, किंवा कुणा कंपनीला विकताही येतं, कारण मालक तुम्ही आहात. मात्र तेच फंक्शन प्रकल्पातल्या जुन्या फंक्शनमध्ये फेरफार करून बनवलं असेल, तर त्यात मूळ लेखकांचाही वाटा आहे. तिथे तुम्हाला तुम्ही स्वतः घातलेल्या भरीपुरत्याच गोष्टी ठरवता येतात.

उलट बाजूही लक्षात असू द्या. रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा साठा, सगळ्यांना दिसते पण परवान्याची फाइलच नाही, असा कोड ओपन सोर्स नाही. तो वाचायला मिळतो, एवढंच. अशा ठिकाणी वेळ घालण्याआधी मालकाला "परवाना कोणता?" असं विचारा.

पायरी २ : लिहिलेला कोड खरोखर तुमचा आहे का ते बघा

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबू.

नोकरीत असाल तर तुम्ही लिहिलेल्या कोडचे तुम्हीच मालक असाल असं नाही. अमेरिका, ब्रिटन, भारत अशा अनेक देशांत नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक कंपनीच असते, वेगळा करार नसेल तर. जर्मनीत लेखकाचा मूळ हक्क दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही, पण कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचे आर्थिक हक्क तिथेही कंपनीकडेच जातात. वाट वेगळी, मुक्काम तोच. जो कोड तुमचा नाही त्यावर तुम्ही परवाना देऊ शकत नाही, आणि तुम्ही मनापासून पाठवलेला पॅच त्या प्रकल्पासाठी जोखीम होऊन बसतो.

आता प्रश्न येतो "नोकरीचा भाग" कशाला म्हणायचं. घरी, रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलं म्हणजे सुटलो, असं बरेच जण धरून चालतात. कायदा आधी पाहतो कामाचं स्वरूप. जागा आणि वेळ त्यानंतर. तुम्ही डेटाबेसच्या कंपनीत असाल आणि रविवारी डेटाबेसच्याच एखाद्या प्रकल्पाला पॅच पाठवलात, तर वाद निघायला जागा आहे. शिवाय नोकरीच्या करारात कायद्यापेक्षा रुंद कलम असू शकतं. "नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व काही कंपनीचं" अशी वाक्यं मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यातल्या एका वाक्याखाली माझी सहीही होती. कॅलिफोर्नियासारख्या काही ठिकाणी अशा कलमांना कायद्याने लगाम आहे. स्वतःच्या वेळात, कंपनीची साधनं न वापरता, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेला शोध लावला असेल तर तो कर्मचाऱ्याकडून लिहून घेता येत नाही. पण ही सोय सगळीकडे नाही.

तेव्हा नोकरीचा करार काढा आणि त्यातला बौद्धिक संपदेचा भाग वाचा. ओपन सोर्ससाठी कंपनीचं काही धोरण आहे का ते विचारा. मोठ्या कंपन्यांत ते बहुधा असतं आणि एक अर्ज भरून काम होतं. लहान कंपनीत धोरण नसतंच, तिथे वरिष्ठांना ईमेल करा. मी वापरते तो मजकूर असा:

"मी अमुक या ओपन सोर्स प्रकल्पाला, त्याच्या अमुक परवान्याखाली, स्वतःच्या वेळात योगदान देऊ इच्छिते. हे काम माझ्या कंपनीतल्या जबाबदाऱ्यांचा भाग नाही आणि त्यात कंपनीचा कोड किंवा गोपनीय माहिती वापरली जाणार नाही. या योगदानावर कंपनी हक्क सांगणार नाही, किंवा कंपनीचा काही हक्क असल्यास तो कोड या परवान्याखाली देण्यास कंपनीची संमती आहे, असं कृपया लेखी कळवावं."

शेवटच्या वाक्यातलं "किंवा" जपून ठेवा. मालकी कुणाची यावर वरिष्ठांना निवाडा द्यायला लावलात की पत्र कायदा विभागात जाऊन पडून राहतं. मालकी कुणाचीही असो, परवान्याखाली द्यायला हरकत नाही, एवढं लेखी मिळालं तरी प्रकल्पाचं काम होतं. फक्त संमती देणाऱ्याला तसा अधिकार आहे ना ते बघा. शेजारच्या टेबलावरच्या टीम लीडचं चॅटवरचं "चालेल की" पुरेसं नाही.

माझ्या बाबतीत झालं ते असं. सुट्टीच्या दिवशी लिहिलेला पॅच मी ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवला, आणि त्या यंत्रावर गिटमध्ये ऑफिसचा ईमेल भरलेला होता. पॅच स्वीकारला गेला. वर्षभराने कंपनीच्या एका ग्राहकाने विचारलं की तुमच्या डोमेनवरून त्या प्रकल्पात कोड गेलेला दिसतो, तो कोणत्या धोरणाखाली? कुणी रागावलं नाही, पण तीन आठवडे खुलासे लिहिण्यात गेले, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या मेन्टेनरलाही कागद गोळा करत बसावं लागलं. कंपनीने अखेर संमती दिली. तीच संमती आधी मागितली असती तर एका दुपारचं काम होतं.

स्वतंत्रपणे कामं घेणाऱ्यांचं गणित वेगळं. अनेक देशांत कंत्राटी कामाचा कोड करारात लेखी दिल्याशिवाय ग्राहकाचा होत नाही, पण ते लेखी कलम करारात बहुधा असतंच. ग्राहकाच्या कामात सापडलेली चूक मूळ ओपन सोर्स लायब्ररीत दुरुस्त करून पाठवायची असेल, तर ती मुभा करारातच घालून घ्या. विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी संस्थेची बौद्धिक संपदेची नियमावली बघावी. अनुदानातून पगार मिळत असेल तर नक्कीच.

पायरी ३ : बाहेरून आलेल्या ओळी शोधा

पॅचमधली प्रत्येक ओळ तुमच्या डोक्यातून आलेली नसते. पाठवण्याआधी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उघडा आणि एकदा फक्त याच नजरेने वाचा.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेला तुकडा असेल तर तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय आणि समान-वाटप (बेतलेलं कामही त्याच परवान्याखाली द्यायचं) या अटींच्या परवान्याखाली असतो. मे २०१८ पासूनच्या मजकुराला त्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे. ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, पण एमआयटी किंवा अपाचीखालच्या प्रकल्पात तसा तुकडा गुपचूप चिकटवता येत नाही. उत्तर वाचून समजून घ्या, खिडकी बंद करा आणि स्वतः लिहा. दोनचार ओळींचा सर्वांच्या वापरातला वाक्प्रयोग असेल तर प्रश्नच येत नाही, पण पंधरावीस ओळींचं फंक्शन असेल तर येतो.

दुसऱ्या ओपन सोर्स प्रकल्पातून कोड आणताना परवाना जुळतो का बघा आणि मूळची कॉपीराइटची ओळ तशीच ठेवा. एमआयटी आणि बीएसडी यांची मुख्य अट तीच आहे. मित्राबरोबर बसून लिहिलं असेल तर त्याचं नाव कमिट संदेशात, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायच्या टिपणात, सहलेखक म्हणून घाला, आणि मुळात त्याला विचारा.

एआयने लिहून दिलेल्या कोडबद्दल प्रकल्पाचं धोरण वाचल्याशिवाय काही पाठवू नका. जेंटू या लिनक्सच्या वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये अशा योगदानांना मनाई केली. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने मे २०२४ मध्ये ठरवलं की असा कोड दूषित मानला जाईल आणि मुख्य चमूच्या लेखी मंजुरीशिवाय घेतला जाणार नाही. अडचण दोन बाजूंनी आहे. एक तर तो कोड कुणाच्या जीपीएल कोडची नक्कल आहे का हे तुम्हाला सांगता येत नाही. दुसरं म्हणजे, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका अशी की केवळ सूचना टाइप करून मिळालेल्या मजकुरावर सूचना देणाऱ्याचा कॉपीराइट होत नाही, मानवी लेखन लागतं. म्हणजे "हे माझं आहे" अशी सही तुम्ही ज्या ओळींखाली करता, त्या कदाचित कुणाच्याच नसतील. काही प्रकल्प एआयची मदत चालवून घेतात, फक्त ती उघड सांगा म्हणतात. तिथे उघड सांगा.

पायरी ४ : प्रकल्पाचं दार कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

रिपॉझिटरीत परवान्याची फाइल आणि योगदान देणाऱ्यांसाठीची फाइल अशा दोन गोष्टी वाचा. दार, म्हणजे योगदान आत घेण्याची पद्धत, बहुधा चारपैकी एका प्रकारचं निघतं.

पहिला प्रकार सगळ्यात साधा: काहीच सही नाही. ज्या परवान्याने कोड बाहेर जातो त्याच परवान्याने आत येतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या वापराच्या अटींतही हेच आहे. परवाना जाहीर केलेल्या रिपॉझिटरीत तुम्ही भर घातलीत, तर वेगळा करार नसताना ती त्याच परवान्याखाली दिली असं धरलं जातं. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाचव्या कलमातही तशीच तरतूद आहे. मालकी तुमच्याकडेच राहते.

दुसरा प्रकार डीसीओ, म्हणजे कोडच्या उगमाचं प्रमाणपत्र. लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, ही पद्धत २००४ साली सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला होता आणि लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप केला होता. कोणती ओळ कुणाकडून आली याचा माग ठेवायला हवा, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. यात वेगळा कागद नसतो. कमिट संदेशाच्या शेवटी "साइन्ड-ऑफ-बाय" अशी ओळ, नाव आणि ईमेलसह, घालायची. गिटला कमिट करताना वजा चिन्ह आणि छोटा एस दिला की ती आपोआप येते. एवढी सोपी आहे म्हणून लोक ती न समजता टाकतात. तिचा अर्थ असा: हा कोड मी लिहिला आहे आणि तो या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, किंवा तो योग्य परवान्याखालच्या आधीच्या कोडवर बेतलेला आहे, किंवा अशीच हमी दिलेल्या माणसाकडून तो मला मिळाला आणि मी तो बदललेला नाही. शिवाय हे सगळं, माझ्या नाव-ईमेलसह, कायम सार्वजनिक राहील हे मला माहीत आहे. दुसऱ्या पायरीवरचं काम न करता ही ओळ घातलीत तर ती खोटी हमी होते. कर्नलला निनावी योगदान चालत नाही, ओळख असलेलं नाव लागतं. डीसीओतही मालकी जराही हलत नाही.

तिसरा सीएलए, योगदानकर्त्याचा परवाना करार. यात तुम्ही प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेला वेगळा, बहुधा रुंद परवाना देता. मालकी सहसा तुमचीच. अपाची फाउंडेशनच्या वैयक्तिक करारात तर तुम्ही दिलेल्या परवान्याव्यतिरिक्त सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात असं स्पष्ट आहे. त्यात पेटंटचाही परवाना असतो, आणि तुमच्या कामावर कंपनीचा हक्क असेल तर कंपनीची परवानगी घेतली आहे असंही तुम्ही लिहून देता. बॉटवर क्लिक करताना आपण नेमकं हे वाक्य मान्य करत असतो.

चौथा प्रकार हस्तांतरण. इथे मालकीच जाते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने गनू या आपल्या मुक्त सॉफ्टवेअर संचातल्या अनेक प्रकल्पांसाठी वर्षानुवर्षं हे मागितलं, कारण एकच मालक असला की परवाना मोडणाऱ्यांवर दावा करणं सोपं जातं. त्या बदल्यात फाउंडेशन तुमचा कोड मुक्तच ठेवण्याचं वचन देतं आणि तो वापरण्याचा हक्क तुम्हाला परत देतं. कंपनीकडूनही हक्क सोडल्याचा कागद लागतो. २०२१ मध्ये जीसीसी आणि जीलिबसी या गनूच्या दोन मोठ्या प्रकल्पांनी ही सक्ती काढून टाकली. त्यानंतर डीसीओही चालतो. अमेरिकेसह अनेक देशांत हस्तांतरणाला लेखी कागद आणि सही लागते, म्हणून "पॅच पाठवला म्हणजे कॉपीराइट आमचा" असं एखाद्या प्रकल्पाने नुसतं रीडमी (माहितीच्या) फाइलमध्ये लिहिल्याने मालकी जात नाही.

एक दुर्मिळ पाचवं दारही आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड परवान्याखाली नाही, तो थेट सार्वजनिक मालकीत सोडलेला आहे. ते बाहेरचे पॅच सहसा घेतच नाहीत. ज्यांनी योगदान दिलं त्यांनी कागदावर प्रतिज्ञापत्रं दिली, आणि त्यांच्या मूळ प्रती आगीपासून सुरक्षित तिजोरीत ठेवलेल्या आहेत. सार्वजनिक मालकीत सोडणं सगळ्या देशांत शक्य नसतं. जर्मनीत आपला हक्क असा संपूर्ण सोडताच येत नाही.

पायरी ५ : सीएलए वाचताना काय शोधायचं

पहिल्यांदा वाचताना अर्धा तास द्या. करार एकतर्फी बदलता येत नाही, पण सही करायची की नाही हे तुमच्या हातात असतं.

समोरची बाजू कोण आहे ते बघा: ना-नफा संस्था की एक कंपनी? मग "परवाना देतो" आणि "हस्तांतरित करतो" यांतला कोणता शब्दप्रयोग आहे ते बघा. त्यानंतरची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तुमचा कोड दुसऱ्या परवान्याखाली, बंद परवान्याखालीही, देण्याचा हक्क त्यांना मिळतो का? "पुन्हा परवाना देण्याचा हक्क" असे शब्द बहुधा असतातच. त्यांना काही लगाम आहे का ते शोधा. अपाचीच्या करारात फाउंडेशनने लिहून दिलंय की तुमचं योगदान ते लोकहिताविरुद्ध वापरणार नाहीत. एफएसएफई, म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप, हिने बनवलेल्या विश्वस्त करारातही, जो केडीई हा प्रकल्प वापरतो, कोड मुक्त परवान्याखालीच राहील अशी अट आहे. मी अशा करारांवर निर्धास्त सही करते.

प्रकल्पांना हे करार हवे कशाला असतात, हेही न्यायाने सांगायला हवं. मालक शेकडो असतील तर परवाना बदलायला शेकडो संमत्या लागतात. मोझिलाचं कोडचं परवाना-बदलाचं काम २००१ मध्ये सुरू झालं आणि २००६ मध्ये संपलं. व्हीएलसीच्या लोकांनी इंजिनाचा भाग जीपीएलवरून एलजीपीएल या जरा सैल परवान्यावर नेताना अनेक योगदानकर्त्यांचा माग काढला. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने २०१७ मध्ये जुन्या योगदानकर्त्यांना पत्रं पाठवायला सुरुवात केली आणि अपाची परवान्याखालची ३.० आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. जुने ईमेल बंद पडलेले असतात, माणसं वारलेली असतात. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही किमान ५० वर्षं टिकतो, अनेक देशांत ७०, म्हणजे वारसांपर्यंत जावं लागतं.

दुसरी बाजू ही. ज्या सोयीने चांगला बदल होतो त्याच सोयीने दारही बंद होतं. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने २०१८ मध्ये एजीपीएल (जीपीएलचाच जास्त कडक प्रकार) सोडून स्वतःचा परवाना आणला. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म हे आपलं सॉफ्टवेअर एमपीएल या ओपन सोर्स परवान्यावरून व्यापारी बंधनांच्या परवान्यावर नेलं, आणि त्यातून ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून वेगळा निघालेला प्रकल्प, जन्मला. बाहेरच्या लोकांनी दिलेल्या कोडसह हे करता आलं ते सीएलएच्या बळावर. आधी जाहीर झालेल्या आवृत्त्या जुन्या परवान्याखालीच राहतात, म्हणून फोर्क शक्य होतो. पण तुमचा कोड पुढच्या बंद आवृत्तीतही राहतो, आणि त्याला तुम्ही सहीने होकार दिलेला असतो.

सगळा दोष सीएलएवर टाकणं मात्र चुकीचं ठरेल. बीएसडी, एमआयटी, अपाची असे सैल परवाने असतील तर सीएलए नसतानाही पुढची आवृत्ती बंद करता येते, कारण परवानाच तेवढी मुभा देतो. रेडिस या डेटाबेसचा परवाना मार्च २०२४ मध्ये बदलला तो बीएसडीचा होता, आणि लगेच वाल्की हा फोर्क निघाला. सीएलएचा फरक खरा जाणवतो जीपीएल, एजीपीएल, एमपीएल यांच्या बाबतीत. इथे बाकी सगळ्यांवर अटी आणि एका कंपनीला मोकळीक, अशी स्थिती होते. एकाच कंपनीचा प्रकल्प, जीपीएलसारखा परवाना आणि बिनलगाम सीएलए असं त्रिकूट दिसलं तर मी छोट्या दुरुस्त्या पाठवते, महिन्यांची मेहनत तिथे घालत नाही. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, पण तो वाचून घेतलेला असावा.

कंपनीच्या वतीने योगदान देत असाल तर वैयक्तिक कराराऐवजी कंपनीचा करार लागतो, त्यावर अधिकृत व्यक्तीचीच सही हवी. तुमची सही तिथे चालत नाही.

पायरी ६ : नाव योग्य जागी लागू द्या

गिटमध्ये नाव आणि ईमेल प्रत्येक रिपॉझिटरीसाठी वेगळं ठेवता येतं. वैयक्तिक कामाला वैयक्तिक ईमेल, कंपनीच्या कामाला कंपनीचा. ईमेल मालकी ठरवत नाही, पण पाहणारा आधी त्यावरूनच अंदाज बांधतो, आणि तो इतिहासातून सहजी पुसता येत नाही.

नवी फाइल लिहिलीत तर कॉपीराइटच्या ओळीत काय घालायचं ते प्रकल्पाच्या रीतीवर सोडा. काही ठिकाणी प्रत्येकाचं नाव असतं, अनेक मोठे प्रकल्प "अमुक प्रकल्पाचे लेखक" अशी एकच ओळ ठेवतात. तुमचं नाव त्या ओळीत नसलं तरी मालकी जात नाही. दुसऱ्याची ओळ मात्र कधीही काढू नका, तुम्ही फाइल जवळजवळ नव्याने लिहिली असली तरी.

इतिहास नीट ठेवण्याचं महत्त्व हेलविग विरुद्ध व्हीएमवेअर या खटल्यात दिसलं. क्रिस्टोफ हेलविग हे लिनक्स कर्नलचे जुने लेखक. व्हीएमवेअर कंपनीने लिनक्सचा कोड परवाना मोडून वापरला, असं त्यांचं म्हणणं होतं. जर्मनीत हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांचा दावा फेटाळला, कारण वापरलेल्या कोडपैकी नेमका कोणता संरक्षित भाग त्यांचा हे पुरेसं दाखवलं गेलं नाही, असं न्यायालयाला वाटलं. २०१९ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. इतक्या ज्येष्ठ माणसाला हे सिद्ध करणं जड गेलं, तर तुमच्या बदलांचे कमिट स्वच्छ, वेगवेगळे आणि तुमच्याच नावावर असणं किती कामाचं ते समजेल. दुसरा कुणी तुमचे कमिट एकत्र करून घालणार असेल तर लेखक म्हणून तुमचं नाव राहील ना, हे नम्रपणे विचारा.

अगदी लहान बदलांना हे सगळं लागू नाही. शुद्धलेखनाची चूक, एका ओळीची दुरुस्ती यांत कॉपीराइट लागावा इतकं लेखन नसतं. गनू प्रकल्पांत साधारण पंधरा ओळींच्या आतला बदल कायद्याच्या दृष्टीने नगण्य मानतात. पण छोटे बदल साठत जातात, आणि एकाच माणसाचे दहा पॅच मिळून मोठं लेखन होतं.

आधीच पाठवून झालं असेल तर

हे वाचताना जुना एखादा पॅच आठवून पोटात गोळा आला असेल, तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. आधी वरचा ईमेल कंपनीला पाठवा, आणि त्यात जुन्या पॅचचा दुवा आणि तारीख घालून "यासाठीही संमती द्यावी" अशी ओळ जोडा. संमती मिळाली की तिची प्रत सीएलएच्या प्रतीबरोबर, ऑफिसच्या यंत्राबाहेर, जपून ठेवा. नोकरी बदलल्यावर त्या प्रतीच कामाला येतात, आणि नव्या कंपनीकडे नवी संमती मागावी लागते, कारण जुनी त्यांना लागू नसते.

कंपनीने नकार दिला तर मेन्टेनरला त्याच दिवशी कळवा: अमुक कमिट, अमुक फाइली, हक्काची अडचण आहे, काढून टाकावं लागेल. कोड ताजा असताना तो काढून दुसऱ्या कुणाकडून नव्याने लिहून घेणं एका दिवसाचं काम असतं. दोन वर्षांनी त्यावर शंभर कमिट चढलेले असतात. मी मेन्टेनर म्हणूनही काम केलंय, आणि असं पत्र पाठवणाऱ्या माणसाचा पुढचा पॅच मी नेहमी आधी उघडते.